जिला कळायला नको होतं

गुरुवारी दुपारी दीड वाजता प्रोफेसर कोवालचिकनं मला त्याच्या ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि एक कागद माझ्यासमोर सरकवला. कागद माझाच होता. आमच्या डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर, खाली माझी सही, तारीख ऑगस्टची.

कोवालचिक हा अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठाच्या मानद पदवी समितीचा अध्यक्ष. दर मे महिन्यात पदवीदान समारंभात दोन-तीन जणांना मानद डॉक्टरेट देतात, त्यांची नावं ही समिती निवडते. मी समितीवर नाही. मी फक्त एक नाव सुचवलं होतं, उल्का घारपुरे यांचं, म्हणजे माझ्या मानलेल्या मावशीचं. नाव सुचवणाऱ्याला पुढचं काही कळवत नाहीत. समितीनं काय ठरवलं, विद्यापीठाच्या प्रेसिडेंटनं काय ठरवलं, सगळं बंद दाराआड. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की ज्याचं नाव सुचवलंय त्याला सुगावासुद्धा लागता कामा नये. लागला, तर नाव बाद.

"हे तू लिहिलंस?" त्यानं विचारलं.

पत्रात मी मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटला कळवलं होतं, की आमचं विद्यापीठ येत्या मे महिन्यात उल्का घारपुरे यांना मानद डॉक्टरेट देणार आहे, तरी समारंभासाठी त्यांच्या नागपूरच्या थोरल्या बहिणीला व्हिसा मिळावा. ऑगस्टमध्ये समितीची पहिली बैठकसुद्धा झालेली नव्हती.

"हो, मीच," मी म्हटलं.

आता हा गाढवपणा मी का केला, तेही सांगून टाकते. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख तेव्हा पाच-पाच महिने मिळत नव्हती. विद्यापीठाचं बोर्ड शेवटचं मतदान करणार जानेवारीअखेरीला. त्यानंतर अर्ज केला असता, तर त्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तारीख मिळाली असती ती समारंभ उरकून फोटो भिंतीवर लागल्यानंतर. अक्का चौऱ्याऐंशी वर्षांची. आई लवकर गेली म्हणून हिनं लग्न केलं नाही, प्राथमिक शाळेत शिकवलं आणि धाकट्या उल्काला एम.एस्सी. केलं. तिच्याशिवाय हा समारंभ मला दिसतच नव्हता. आणि 'कदाचित मिळेल' असं लिहिलं, तर कॉन्सुलेट काय कदाचित व्हिसा देतं? म्हणून मी 'देणार आहे' असं ठोकून दिलं. अक्काला फोनवर बजावलं, की उल्कामावशीला एक अक्षर कळू द्यायचं नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. पण आपल्या माणसांचं कुठलं शुभकार्य तिकिटं काढल्याशिवाय सुरू झालंय?

"कॉन्सुलेटनं विचारणा केली, हा समारंभ खरा आहे का म्हणून," कोवालचिक म्हणाला. "ती माझ्याकडे आली." त्यानं चष्मा काढला. "उद्या सकाळी नऊला बोर्ड मतदान करतंय. तिचं नाव यादीत आहे. समितीनं दिलं, प्रेसिडेंटनं मान्य केलं. खरं तर तुला हे आत्ता कळायला नको, पण आता काय."

एवढा आनंद आणि एवढी भीती मला एका वाक्यात कुणी कधी दिली नव्हती. मावशीचं नाव थेट बोर्डापर्यंत पोचलं होतं, आणि मीच ते बुडवत होते.

"प्रश्न एकच आहे," तो म्हणाला. "तिला माहीत आहे का?"

"माझ्याकडून नाही."

"ते मी विचारलं नाही."

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, आधी कळलं म्हणजे माणसाची लायकी कमी होते का? कसला हा मध्ययुगीन नियम? तो शांतपणे म्हणाला, की नियम विद्यापीठाच्या सोयीसाठी नाही. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांना नाव सुचवल्याचं आधीच कळलं. ते नातवंडांना सांगत सुटले. मग बोर्डानं नकार दिला. "ते माझे शेजारी होते," तो म्हणाला. "पुन्हा घराबाहेर दिसेनात. नकार मिळालाय हे कुणाला कळूच नये, म्हणून हा नियम आहे."

त्यानं सांगितलं, की पाच वाजेपर्यंत एका ओळीचा ईमेल हवा, तिला माहीत आहे किंवा माहीत नाही. 'माझ्या माहितीप्रमाणे' वगैरे चालणार नाही, कारण पत्र आता विद्यापीठाच्या वकिलांनीही वाचलंय. लेटरहेडबद्दल माझ्याशी नंतर वेगळं बोलणं होईल.

"मग तुम्हीच विचारा ना तिला," मी चिडून म्हटलं.

"विचारणं म्हणजे सांगणंच झालं, प्रतिमा."

गाडीत बसल्याबसल्या मी नागपूरला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेबारा झाले होते, पण अक्का जागी होती. मुलाखत छान झाली म्हणाली, खिडकीतली पोरगी फार गोड होती, फक्त पासपोर्ट ठेवून घेतला आणि थांबा म्हणाली. मी विचारलं, "अक्का, मावशीला काही बोलला नाहीत ना?"

"मी? छे! मी कशाला सांगू बाप्पा!"

उत्तर फार लवकर आलं. मी दुसऱ्यांदा विचारलं, तर तिला एकाएकी ऐकू येईनासं झालं. खोटं बोलत होती की खरंच कानातलं मशीन काढलं होतं, देव जाणे. अक्काच्या शब्दावर सही करायची माझी हिंमत होईना. म्हणून मी नोव्हायला, मावशीच्या घरी निघाले.

चाळीस मिनिटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना लोटून ठेवलेल्या बर्फाचे काळे ढीग. या रस्त्यानं मी पहिल्यांदा गेले ती विद्यार्थिनी म्हणून, सत्तावीस वर्षांपूर्वी, मावशीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तेव्हा तिच्याकडचं हळदीकुंकू साऱ्या डेट्रॉइट भागातल्या मराठी बायकांत प्रसिद्ध होतं. तीळगूळ घ्या, गोड बोला, आणि जरा गॅरेजमध्ये येऊन गाडीत बसा! मावशी ड्रायव्हरच्या सीटवर प्रत्येकीला बसवायची, पाय पॅडलवर ठेवायला लावायची आणि छातीपासून स्टिअरिंगपर्यंतचं अंतर टेपनं मोजून वहीत लिहायची. आम्ही हसायचो. तिला हसू येत नसे. तिची स्वतःची उंची चार फूट दहा इंच.

मावशी एका मोटार कंपनीत टेक्निशियन होती. इंजिनिअर नव्हे, कारण आली ती नवऱ्यामागून, आणि नागपूरची एम.एस्सी. तिथे कुणी जमेस धरली नाही. एअरबॅग नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. बुटक्या बायका स्टिअरिंगला इतक्या खेटून बसतात, की बॅग फुगली तर तीच त्यांना मारेल, हे तिच्या ध्यानात आलं. कंपनीच्या टकरीच्या चाचण्यांत गाडीत बसवायचे ते उंच पुरुषांचे पुतळे. म्हणून तिनं हळदीकुंकवातून चारशे बारा बायका मोजल्या. मग चाचणीचा अहवाल तयार झाला. त्यात 'पाच फुटांखालील व्यक्ती अपवाद समजून वगळल्या' अशी ओळ होती आणि खाली तिची सही हवी होती. तिनं केली नाही. तिला जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं, निवृत्त होईपर्यंत. काही वर्षांनी कंपनीनं तेच आकडे वापरून पॅडल आणि सीट बदलली. त्या कागदांवर तिचं नाव कुठेही नव्हतं. तिचे यजमान मनोहरकाका गेले, मूलबाळ नाही, आणि मावशी याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. मीच तिच्या वह्या मागून घेतल्या, लेख लिहायचाय असं सांगून, आणि समितीसाठी बावीस पानांचा प्रस्ताव केला.

मी पोचले तेव्हा तीन वाजले होते. मावशी जेवणाच्या टेबलावर शनिवारच्या हळदीकुंकवाची वाणं बांधत बसली होती, स्टीलच्या छोट्या डब्या आणि वर लाल रिबन.

"अगं, तू? वीकडेला? क्लास नाही का आज?"

"कॅन्सल केला. सहज आले."

आयुष्यात मी कुणाकडे सहज गेलेली नाही आणि हे मावशीला माहीत होतं. तिनं फक्त चहा टाकला. मी रिबन कापायला बसले आणि खडा टाकून पाहिला.

"मे महिन्यात कुठे जायचा प्लॅन आहे का मावशी?"

"नाही बाई. मे मध्ये मी इथेच आहे."

"पुतण्याकडे जाणार होता ना तुम्ही?"

"ते जूनमध्ये ढकललं. मे मध्ये इथे छान असतं."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. कोपऱ्यात व्यायामाची लाकडी पायरी ठेवलेली होती, चढउतार करायची. गुडघ्यासाठी, ती म्हणाली, थेरपिस्टनं सांगितलंय. बहात्तराव्या वर्षी गुडघ्याचा व्यायाम कोण करत नाही? माझी एकेक शंका मी अशीच उडवत होते. एका क्षणी वाटायचं, हिला काहीही माहीत नाही, मी आता उठते, गाडीत बसते आणि खरं खरं लिहून टाकते. दुसऱ्या क्षणी तिची नजर माझ्यावर असायची आणि मी पुन्हा रिबन कापायला घ्यायचे. घड्याळात चार वाजायला आले.

"प्रतिमा," ती म्हणाली, "बिनसाखरेचा चहा पिऊन टाकलास तू. साखर घालायची विसरले होते मी. कळलं पण नाही तुला."

"लक्ष नव्हतं."

तिनं हातातली डबी खाली ठेवली. रिबन सरळ केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"नाव खोडलं का माझं?"

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

"अक्कानं सांगितलं?"

"तू तिला फोन केलास ना, त्याच दिवशी. अर्ध्या तासात. बोलत कमी आणि रडत जास्त होती. तिच्या पोटात कधी काही राहिलंय?" मग ती हसली. "तू रागावशील म्हणून मी गप्प राहिले. तुला सरप्राइझ द्यायचं होतं, तर म्हटलं देऊ दे पोरीला."

मग मी सगळं सांगितलं. पत्र, कॉन्सुलेट, उद्याचं मतदान, पाच वाजताचा ईमेल. सांगताना मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. ती ऐकत राहिली.

"म्हणजे उद्या खरंच होणार होतं?"

"समितीनं पास केलंय. प्रेसिडेंटनं केलंय. बोर्ड सहसा नाही म्हणत नाही."

"पाच महिने मी रोज सकाळी उठून ती पायरी चढते," ती म्हणाली. "स्टेजवर कुणाचा हात धरायला लागू नये म्हणून. एकटीच वर जाईन म्हटलं." तिनं डोळे पुसले. "मला हवंय ग ते. किती हवंय, ते अक्कालासुद्धा सांगितलं नाही मी."

मी ताबडतोब म्हटलं, "मग मी लिहिते, तुम्हाला माहीत नाही. एक ओळ आहे मावशी. कोण तपासणार आहे? अक्का नागपुरात, मी तोंड उघडणार नाही. कुणाचं नुकसान होतंय यात? तुमचं काम खोटं ठरतं का?"

तिनं एका डबीवरची रिबन सोडली, पुन्हा बांधली. मग हळूच म्हणाली, "लिही."

मी विचार बदलायला वेळ दिला नाही, तिलाही आणि मलाही. कोट घातला, बाहेर आले, गाडी सुरू केली. काचेवरचं बर्फ वितळायच्या आत ओळ टाइप केली: उल्का घारपुरे यांना या नामांकनाबद्दल काहीही माहिती नाही. चार वाजून एकतीस मिनिटांनी पाठवून दिली. मन हलकं झालं होतं. खोटं बोलायचा मला कधी त्रास झाला नाही असं नाही, पण त्या दिवशी झाला नाही. माझ्या चुकीची किंमत मावशीनं का द्यावी?

काचेवर टकटक झाली. मावशी. अंगावर शाल, पायांत घरातल्या सपाता, त्या बर्फात.

"पाठवलंस?"

"हो. झालं. आत जा मावशी, थंडी आहे."

ती वळसा घालून आली आणि शेजारच्या सीटवर बसली. पायांवरचं बर्फ पुसलंसुद्धा नाही.

"तू गेलीस, मी कप विसळायला घेतले," ती म्हणाली. "आणि मला डॅन आठवला. माझा बॉस. तो रिपोर्ट घेऊन आला होता ना, तेव्हा म्हणाला होता, उल्का, एकच ओळ आहे. सही कर, पुढच्या वर्षी तुला इंजिनिअर करतो. चांगला माणूस होता. माझ्या भल्यासाठीच सांगत होता. कोण तपासणार आहे, असंच म्हणाला होता."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तिनं डॅनचं नाव घेतलं होतं, पण त्याच्या जागी बसले होते मी.

"मावशी, ती गोष्ट वेगळी होती. तिथे बायका मेल्या असत्या. इथे काय आहे? एक झगा आणि एक कागद!"

"मग झग्यासाठी कशाला खोटं लिहायचं?"

"एकदा बाद झालं की तीन वर्षं पुन्हा नाव देता येत नाही! तुम्ही पंच्याहत्तरच्या व्हाल. अक्का..."

"मला गणित येतं," ती म्हणाली. "फोन लाव."

मी लावला नाही. तिनं पुन्हा सांगितलं. ओरडली नाही, हात पुढे करून बसून राहिली. मी हट्टी आहे असं सगळे म्हणतात. त्यांनी तिला पाहिलेलं नाही. शेवटी मी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

"प्रतिमा!" कोवालचिकचा आवाज मोकळा वाटत होता. "तुझा ईमेल मिळाला. थँक गॉड. आता काही अडचण नाही."

मावशी पुढे झुकली. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "प्रोफेसर, मी उल्का घारपुरे. जिला माहीत नसायला हवं, ती मीच."

मग तो जपून म्हणाला, की कदाचित चुकीचा नंबर लागला असेल, आणि फोन ठेवला तर तो समजून घेईल. मी मावशीकडे पाहिलं. ठेवा, ठेवा, ठेवा, असं मी मनात म्हणत होते.

"नंबर बरोबर आहे," ती म्हणाली. "मला ऑगस्टपासून माहीत आहे. प्रतिमानं मला सांगितलं नाही, माझ्या बहिणीनं सांगितलं. त्या ईमेलमधली ओळ चुकीची आहे. मीच तिला लिहायला सांगितलं."

"मिसेस घारपुरे," तो म्हणाला, "मग मला आज तुमचं नाव काढावं लागेल. त्याचा अर्थ तुम्हाला समजतोय ना?"

"समजतोय." तिनं माझा हात घट्ट पकडला. "मला एक विचारायचंय. ती फाइल तुमच्या लोकांनी वाचली का?"

"अर्थात. समितीतल्या सातही जणांनी."

"पूर्ण? गॅरेजचा भागसुद्धा?"

"गॅरेजचा भाग आम्ही मोठ्यानं वाचला," तो म्हणाला. "आमच्या एका सभासद बाई पाच फुटांच्या आत आहेत. त्यांनी तुमच्या आकड्यांचा तक्ता मागून घेतला, वर्गात शिकवायला. या टर्मपासून शिकवतायत त्या."

बाहेर ढगांनी अंधारून आलं होतं, काचेवर मावशीच्या श्वासाची वाफ जमत होती.

"त्या तक्त्यावर," तिनं विचारलं, "नाव कुणाचं आहे?"

"तुमचं," कोवालचिक म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं असणार?"

तिनं थँक यू म्हटलं, फोन बंद कर अशी मला खूण केली आणि शालीत तोंड लपवून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, की अक्काला मी सांगेन, तू सांगू नकोस.